आठाची परीक्षा

अण्णा, म्हणजे माझे वडील, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. धारवाड सोडून आम्ही बंगळूरला आलो, त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला कंटोन्मेंटमधल्या स्केटिंगच्या हॉलमध्ये घातलं. मी तेव्हा अकरा वर्षांची. "मुलीनं पाय मोडून घेतला तर?" एवढंच आई विचारत राहिली.

आमची मिस अँग्लो-इंडियन होती, पन्नाशीची, एकटी. चाकांच्या बुटांवर नाच शिकवणारी आमच्या माहितीत ती एकच. नाचाआधी मात्र आकृत्यांच्या परीक्षा द्याव्या लागत. जमिनीवर रंगानं दोन वर्तुळं एकमेकांना चिकटून काढलेली असत, आठाच्या इंग्रजी आकड्यासारखी. एका पायावर, रेष न सोडता ती पुरी करायची. पहिली परीक्षा मी पास झाले. त्या वेळी मिस माझ्या चाकांमागे वाकून चालायची आणि बोटभर चुकलं तरी "पुन्हा" म्हणायची.

दुसऱ्या परीक्षेच्या तयारीत ती कठड्याजवळच्या खुर्चीवरून उठेनाशी झाली. तिथूनच विचारायची, "रेषेवर आहेस ना?"

एकदा मी थकून खोटंच "हो, मिस" म्हटलं.

"छान. चाकांचा आवाजच सांगतोय."

मी चांगली हातभर बाहेर होते. मिसला दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

कुणाला सांगितलं तर तिची नोकरी जाईल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण निराळं होतं. "नाही" म्हटलं की सगळं पुन्हा करावं लागे, आणि माझा घोटा ठणकत असे. दोन महिने मी "हो" म्हणत राहिले. तिनं परीक्षेसाठी माझं नाव दिलं.

परीक्षक मद्रासहून आले होते. पहिल्याच आकृतीला त्यांनी मला थांबवलं.

"तुला कोण शिकवतं?"

मिस उठून उभी राहिली, पण तोंड भलतीकडेच. परीक्षक तिच्याजवळ गेले आणि त्यांनी हातातला कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलेला दिसला. घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "सरी, चल," असं, 'बरं'साठी कानडी शब्द वापरून, ते म्हणाले आणि मला तिच्या घरी घेऊन गेले. स्वतः फाटकाशीच थांबले.

मिस व्हरांड्यात अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती.

"मिस, मी खोटं बोलत होते. मी रेषेवर नसायचे."

तिचे हात थांबले. "कितीदा?"

"रोज."

"मला वाटायचं, डोळे गेले तरी कान शाबूत आहेत," ती हळू म्हणाली. "तेवढ्यावर अजून काही वर्षं शिकवीन, असं धरून चालले होते."

मला रडू फुटलं. तिनं जवळ घेतलं नाही, की रागही केला नाही. "जा," म्हणाली, "वडील उभे असतील."

नाताळानंतर ती व्हाइटफील्डला बहिणीकडे राहायला गेल्याचं कळलं. मी पुन्हा ते बूट घातले नाहीत. नापास झाल्याची लाज वाटली असेल, असं आईनं धरलं आणि तिला हायसं वाटलं. अण्णांनी मात्र तो विषय कधीच काढला नाही. एकदा तरी ओरडले असते, तर मला बरं वाटलं असतं.