पिवळ्या कागदावरचं उत्तर

चिहारू मोरिसाकाने चोवीस वर्षांत काय काय काढलं नाही? उघडणारी दारं काढली, जिने चढणारे पाय काढले, वाडग्यातून निघणारी वाफ काढली. जत्रेतली गर्दी तर इतकी काढली, की तेवढी माणसं खरोखर जमली असती तर ओगिकुबोतल्या आमच्या स्टुडिओच्या गल्लीत उभं राहायला जागा उरली नसती. पण मारामारी तिच्या वाट्याला कधी आली नाही. ॲनिमेशनच्या धंद्यात मारामारी मिळते ती नावाजलेल्या हातांना. चिहारूसारख्यांनी मागची गर्दी काढायची आणि सातच्या आत घरी जायचं.

आणि यंदा, एकोणपन्नासाव्या वर्षी, बेचाळीस सेकंदांची अख्खी मारामारी तिच्या टेबलावर येऊन पडली.

मालिका होती मिठाच्या कोठारांच्या जुन्या काळातली. गेन्पाची हा कोठाराचा पहारेकरी आणि इसोजी हा मीठचोर. दोघं नावाड्यांची पोरं, एका होडीत वाढलेली, आणि आता धक्क्यावर एकमेकांच्या उरावर बसलेली. शेवटी गेन्पाचीचा ठोसा बसतो, इसोजी नदीत पडतो आणि वाहून जातो. लेखकाने मध्ये चार वाक्यं घातली होती. ‘आपण एका ताटात जेवलो ना?’ वगैरे. ती वाचली तेव्हा चिहारूचं डोकंच फिरलं.

“ताकानाशीसान, ही वाक्यं काढा,” तिने दिग्दर्शकाला सरळ सांगितलं. चोवीस वर्षांत ती पहिल्यांदाच काहीतरी मागत होती. “ज्याच्याबरोबर लहानपण गेलं, त्याला मारताना कुणी भाषण देतं का? मी हातापायांतून दाखवते. बघणाऱ्याला न बोलता कळेल.”

ताकानाशीने हनुवटी खाजवली. “बुधवारी दुपारी रंग न भरता, नुसत्या रेघा पडद्यावर लावून बघू. कळलं तर वाक्यं बाद. नाही कळलं तर गुरुवारी नट येतातच आहेत आवाज द्यायला, तेव्हा ती बोलून टाकतील. आणि शेवटचे शॉट मग दुसऱ्याला द्यावे लागतील हं, आधीच सांगून ठेवतो.”

अट सोपी होती. अडचण वेगळीच होती. आमच्याकडे प्रत्येक शॉटचे कागद एका पाकिटात घालून तपासनिसाकडे जातात. तपासनीस चित्रावर पातळ पिवळा कागद ठेवतो आणि चुकलेली रेघ त्यावर सुधारून काढतो. त्याचा शिक्का पडल्याशिवाय कागद पुढे हलत नाही. आणि या मालिकेची तपासनीस होती योशिनो कुराहाशी.

सहा आठवडे योशिनो त्याच खोलीत, कपाटाच्या पलीकडे बसत होती. सहा आठवड्यांत दोघींमध्ये ‘सुप्रभात’ सोडून शब्द झाला नव्हता, आणि तोही दाराकडे बघून.

या दोघी हिमी गावच्या, समुद्रकाठच्या. प्राथमिक शाळेत एकाच बाकावर बसायच्या. गणिताच्या पुस्तकाच्या कोपऱ्यात दोघींची मारामारी चालायची, म्हणजे चित्रातली. चिहारूने एका पानावर तिचा काडीमाणूस काढायचा, लाथ मारताना. पुस्तक योशिनोकडे सरकवायचं. योशिनोने पुढच्या पानावर तिच्या माणसाचं उत्तर काढायचं. बोलायचं नाही, हा नियम, कारण बोललं की बाई ऐकायच्या. वर्षाच्या शेवटी पानं फरफर सोडली की दोन काडीमाणसं तीनशे पानं भांडायची.

योशिनो डावरी होती. सुलेखनाच्या तासाला बाई तिच्या डाव्या हातावर कुंचल्याचं दांडकं मारायच्या. ब्रश उजव्यानेच धरायचा. चौथीत ती उजव्याने लिहायला लागली, सहावीत उजव्याने चित्रं काढायला लागली, आणि बघता बघता तिच्या उजव्या हाताला अशी सफाई आली की भल्याभल्यांनी बघत राहावं. भांडताना मात्र डावाच हात निघायचा, आणि तो निघायच्या आधी डावा खांदा कानाला जाऊन टेकायचा.

अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका स्टुडिओत, योशिनोने चिहारूचे तीस कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने काढले. एक रेघ शिल्लक ठेवली नाही. जिभेला काय हाड असतं? चिहारू सगळ्यांसमोर म्हणाली, “हात सुंदर आहे गं तुझा, पण त्यात जीव नाही. तो तुझा हातच नाहीये.”

योशिनोने पेन्सिल खाली ठेवली, कोट घेतला आणि गेली. त्या दिवसापासून ही बोलणी बंद.

तर अशा बाईच्या हातात चिहारूची पाकिटं जात होती. सतरा शॉट गेले. सोमवारी संध्याकाळी अठरावा, शेवटच्या ठोशाचा, गेला. पाकिटं नेण्याआणण्याचं काम हामागुचीसानचं. पंचावन्न वर्षांचा माणूस, पोट पुढे, तोंड त्याहून पुढे.

“मोरिसाकासान, सतरा पाकिटं तिच्या टेबलावर ढीग करून ठेवलीत तिने. एक परत नाही! माझ्या बायकोने सुद्धा एवढं काही धरून ठेवलं नाही कधी.”

“तपासत असेल.”

“तपासते कसली, नुसती बघत बसते. मला तर भीतीच वाटते त्या बाईची.”

पुन्हा तीस कागद? पुन्हा एक रेघ शिल्लक नाही? चिहारूने आंबट आलुबुखार घातलेला भाताचा गोळा उघडला आणि तसाच पुन्हा गुंडाळून ठेवला.

मंगळवारी सकाळी ती एका किरकोळ शॉटसाठी टेबलावरच्या आरशासमोर बसली. आम्ही सगळेच आरसा ठेवतो. ओरडणारं तोंड काढायचं असेल तर स्वतः ओरडल्याचं सोंग करायचं, बघायचं, काढायचं. तिने उजवा हात उचलला, आणि आरशातल्या बाईने डावा उचलला.

चिहारूचा हात तिथेच राहिला.

शेवटचा ठोसा. गेन्पाची समोरून दिसतो. तिने आरशासमोर उभं राहून उजवा ठोसा हाणला होता आणि आरशात जे दिसलं ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं होतं. म्हणजे गेन्पाची डाव्या हाताने मारतोय! सतरा शॉट उजवा असलेला पहारेकरी अठराव्यात डावरा! आमच्याकडे ही चूक पहिल्या महिन्यात करतात, आणि वरिष्ठ टपली मारून ती सुधारतात. चोवीस वर्षांच्या बाईने ही चूक करायची म्हणजे काय! आयुष्यात एकदा मारामारी मागून घेतली आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

पण तेवढंच असतं तर निभावलं असतं. तिने तो ठोसा मनाशी पुन्हा चालवून पाहिला. ठोशाआधी गेन्पाचीचा डावा खांदा वर जातो. कानाला टेकतो. हे कुठून आलं? आरशातून नाही आलं. तो खांदा कुणाचा होता ते हिमीतल्या त्या शाळेत फक्त दोन मुलींना माहीत होतं. आणि त्यातली एक आत्ता तो कागद हातात धरून बसली होती.

तिला वाटेल मी तिची नक्कल केली. तेव्हा तोंडाने बोलले, आता चित्रात काढून चिडवलं. चिहारूला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

पाकीट परत मागता आलं असतं. पण तपासनिसाच्या ढिगातलं पाकीट कुणी आपणहून उचलत नाही, मागावं लागतं. मागायचं म्हणजे बोलायचं. ती उठली, बार्लीचा चहा घेऊन परत बसली. पुन्हा उठली, पेन्सिलीला टोक करून परत बसली. तिसऱ्यांदा मात्र कपाटाला वळसा घालून गेली.

योशिनो पाठमोरी होती. डाव्या हाताच्या बोटांमध्ये चार कागद अडकवून फडफड उलटत होती, आम्ही हालचाल बघायला उलटतो तसे. अठरावा शॉटच होता. ठोसा येत होता, जात होता, येत होता.

“कुराहाशीसान,” चिहारू म्हणाली. आवाज निम्माच आला. “या शॉटमध्ये... एक चूक राहिलीय. मी नीट करून...”

फडफड थांबली. योशिनोने मागे वळून पाहिलं नाही. कागद टेबलावर ठेवले आणि त्यांच्यावर तळहात पालथा टाकला. मग दुसऱ्या हातातली पेन्सिल उचलून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे दाखवली. बुधवार.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, तरी चिहारू ‘बरं’ म्हणून परतली. तो दिवस तिने एकही धड रेघ न काढता घालवला.

बुधवारी अकराला हामागुचीसान दोन्ही हातांत पाकिटं घेऊन आला. त्याने ढीग ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

पहिलं पाकीट. शिक्का. पिवळा कागद नाही. दुसरं, शिक्का. पाचवं, दहावं, सतरावं, सगळ्यांवर शिक्का, आणि एकाही चित्राला हात लावलेला नाही. ज्या बाईने एकेकाळी एक रेघ ठेवली नव्हती, तिने सतरा शॉटमधली एक रेघ हलवली नव्हती.

अठरावं पाकीट फुगलेलं होतं.

आत पिवळे कागद. वीस तरी असतील. एकावरही अक्षर लिहिलेलं नाही. तपासनीस समासात ढीगभर शेरे मारतात, ‘मान जाड’, ‘पाय हवेत’, पण इथे काही नाही. चिहारूने कागद बोटांत अडकवले आणि उलटले.

गेन्पाची होता तसाच होता. डावा हात, कानाला टेकलेला खांदा, सगळं तिचं. बदलला होता इसोजी. तिच्या चित्रात तो दोन्ही हात तोंडासमोर धरून ठोसा अडवत होता. पिवळ्या कागदावर त्याचे हात वर जायला लागतात, तेवढ्यात त्याला समोरचा खांदा दिसतो. आणि त्याचे हात खाली येतात. तो मनगटाच्या उलट्या बाजूने नाक पुसतो, लहान पोर पुसतं तसं. आणि ठोसा अंगावर घेतो.

चिहारूचं स्वतःचं मनगट नकळत नाकाशी गेलं. शिसपेन्सिलीने काळं झालेलं मनगट. आईने या नाक पुसण्याच्या सवयीवरून तिला आयुष्यभर बोल लावले होते.

तिने काढला होता योशिनोचा खांदा, आणि पुढच्या पानावर उत्तर आलं होतं.

“मला काही कळलं नाही,” हामागुचीसान नाक ओढत म्हणाला, “पण पुन्हा एकदा उलटा बघू.”

दुपारी एकला लहान खोलीत रेघा पडद्यावर लावल्या. ताकानाशी मध्ये, योशिनो एका टोकाला, चिहारू दुसऱ्या टोकाला, हामागुचीसान दारात. बेचाळीस सेकंद खोलीत यंत्राची घरघर सोडून आवाज नव्हता. इसोजी नदीत पडला. पडदा पांढरा झाला.

“पुन्हा,” ताकानाशी म्हणाला. पुन्हा लावलं.

“हा पहारेकरी उजवा आहे ना? शेवटी डावरा कसा?” त्याने चिहारूकडे पाहिलं. “आरशाची चूक?”

चिहारूने तोंड उघडलं. चूक तर होतीच. कबूल करायचं, शॉट जाईल, वाक्यं येतील, दुसरं काय होणार होतं?

“चूक नाही,” योशिनो म्हणाली. पडद्याकडेच बघत होती. “लहानपणी डावरा होता. मारून मारून उजवा केला त्याला.”

“हे कथेत कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. आत्ता दिसलं ना तुम्हाला?”

दारातून हामागुचीसानला राहवेना. “म्हणजे कसंय साहेब, सतरा वेळा मारलं ते सरकारी. हे शेवटचं घरचं.”

ताकानाशीने पटकथेचं पान उघडलं, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि त्या चार वाक्यांवर एक आडवी रेघ ओढली. “नटांना सांगा, गुरुवारी अर्धा तास उशिरा आलात तरी चालेल,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला. चिहारूला हसावं की रडावं ते कळेना.

तिचं काम अजून होतं. पिवळ्या कागदावरच्या रेघा आता तिला पांढऱ्या कागदावर स्वच्छ उतरवायच्या होत्या. तिने पहिला पिवळा कागद प्रकाशाच्या पेटीवर ठेवला, वर पांढरा ठेवला आणि रेघ धरली. हात अडखळला. पुन्हा धरली, पुन्हा अडखळली. योशिनोच्या रेघा तिला पाठ होत्या, लोण्यासारख्या. या मात्र खरखरीत होत्या, जागोजागी थरथरलेल्या, जाड व्हायला हव्यात तिथे बारीक होणाऱ्या. तिने सावलीच्या तिरक्या रेघांकडे पाहिलं. उजव्या हाताच्या तिरक्या रेघा एका बाजूला कलतात. या सगळ्या उलट्या कलल्या होत्या.

वीसच्या वीस कागद.

ती उठली. या वेळी मध्ये चहा नाही, टोक नाही. कपाटाला वळसा घातला. योशिनोचा डावा हात टेबलावर उताणा पडला होता आणि करंगळीपासून मनगटापर्यंतची कड शिसाने काळीकुट्ट झाली होती.

“हात दुखत असेल,” चिहारू म्हणाली.

“मरणाचा. चाळीस वर्षांनी धरली पेन्सिल त्याने.”

“योशी, मी तेव्हा फार वाईट बोलले गं.”

“वाईट बोलली असतीस तर विसरले असते,” योशिनो म्हणाली. “खरं बोललीस, म्हणून अकरा वर्षं लागली.”

चिहारूने नाक पुसलं, मनगटानेच. योशिनोने ते पाहिलं आणि बाजूची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली.