चढावर अडलेलं इंजिन

नातीला घास भरवायचा तर बोलणाऱ्या आगगाडीची गोष्ट लागते. परवा मी तिला चकचकीत इंजिनाची सांगितली. ते म्हाताऱ्या मालगाडीला चिडवायचं, “किती गं रखडतेस!” तोरा दाखवायला त्यानं दुप्पट डबे जोडले आणि चढावर फुसफुसत बसलं. मागून मालगाडी आली. तिनं अर्धे डबे स्वतःला जोडले आणि मुकाट वर पोचवले.

आता खरं सांगते, ते इंजिन म्हणजे मीच. लग्न होऊन देवळालीत आले तेव्हा सातवी पास असल्याचा लई माज होता. थोरल्या जाऊबाईंवर ताण करायची म्हणून मी गुरांसाठी उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, थोरला भारा बांधला. तो डोक्यावर उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं, ही अक्कल काही सातवीच्या पुस्तकात नव्हती! बांधावर रडत बसले. जाऊबाईंनी भारा सोडला आणि निम्मा आपल्या भाऱ्यात बांधला. वर घरी सासूबाईंना म्हणाल्या, “समदं हिनंच कापलं.” मी निर्लज्जासारखी मान डोलावली.

“मग इंजिनानं थँक्यू म्हटलं?” परवा गोष्ट संपताच नातीनं विचारलं.

मी घाईनं पुढचा घास तिच्या तोंडात कोंबला.

ओट्यावर लसूण सोलता सोलता गोष्ट ऐकणाऱ्या जाऊबाई तिथूनच ओरडल्या, “न्हाई गं बाय! पन्नास वर्सं झाली, गाडी अजून लेट हाय!”

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन टेकले. “जाऊबाई, आली बघा गाडी.”

“आली व्हय?” त्यांनी निम्मा लसूण माझ्यापुढं सरकवला. “मग लाग कामाला.”