नाड्यांची सोबत

किल्लीवाल्यांची बायको गेली आणि घरात तिच्या म्हणाव्यात अशा दोन गोष्टी उरल्या. एक शिवणयंत्र, दुसरा त्याच्या शेजारचा माशांचा टँक. यंत्राचं काय, झाकण घातलं की झालं. टँकमध्ये मात्र जीव होते.

दुकानात त्यांना कुहली लोच म्हणत. बारीक, लांब, अंगावर पिवळे-काळे पट्टे. तिने ते पहिल्यांदा घरी आणले तेव्हा किल्लीवाले म्हणाले होते, "लोच? नावातच लोचा आहे बघ." ती शिलाईवरून मान न उचलता म्हणाली, "तुमच्या नावात नाही, तरी काय कमी लोचे केलेत?" तिने त्यांचं नाव ठेवलं नाड्या. पायजम्यात ओवायच्या नाड्या, दुसरं काय! संध्याकाळी हातातलं काम उरकलं की ती टँकचा दिवा मालवायची, चिमूटभर दाणे टाकायची, आणि मगच नाड्या वाळूतून बाहेर यायच्या. त्या वेळी किल्लीवाले दुकानात कुणाचं तरी अडकलेलं कुलूप खटपटून उघडत असायचे. घरातली ही रोजची गंमत त्यांनी कधी पाहिलीच नाही.

मूलबाळ नव्हतं. शेवटी आवाज पार खोल गेला होता तिचा, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, माझ्या नाड्या सांभाळा." आयुष्यभरात तिने नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. हे एक मागितलं, आणि तेच त्यांना जमलं नाही.

आळशीपणा केला असता तर गोष्ट वेगळी. उलट, रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते आठवणीने दिवा लावून दाणे टाकायचे. टँक रिकामाच दिसायचा. क्वचित लाकडाखालून एखादं तोंड डोकवायचं आणि गुडुप व्हायचं. त्यांनी ठरवूनच टाकलं की एकच नाडी उरली आहे, आणि तीही आपल्यासारखी झुरते आहे. इतक्या घाईने माणसाने काही ठरवू नये, पण घरात विचारायला तरी कोण होतं?

ते मासेवाल्याकडे गेले. खायचे नव्हेत, पाळायचे मासे विकणारा.

"लोच एकटा राहतो का हो?"

"छे छे! लोचला लोच लागतोच. घोळक्यात राहणारी जात."

"आणि ते तिकडे उड्या मारतायत, ते कोण?"

"तेही लोचच. योयो लोच."

झालं! आडनाव एक म्हणजे भावकीच की. आता भावकी म्हटल्यावर पुढचं कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. आणि हाच माणूस दिवसभर गिऱ्हाइकांना बजावायचा, "कंपनी एक म्हणून किल्ली लागत नसते, साहेब!" पण घरी कुठला लोच आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मासेवाल्याने विचारलं नाही, आणि योयोंची पिशवी घरी आली.

काय दांडगोबा होते एकेक! दाणा तळाला टेकायच्या आत फस्त. किल्लीवाले खोलीत आले की सगळे काचेशी गर्दी करायचे, एकमेकांना ढुशा द्यायचे. ती गेल्यानंतर किल्लीवाले पहिल्यांदा हसले ते यांना बघून. चहाचा कप घेऊन ते तिथेच बसायला लागले. नाडीला आता बरं वाटत असेल, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

एका संध्याकाळी मेहुणी आली. टँकपाशी थबकली.

"भावोजी, हे कोण आणलंत? आणि ताईच्या नाड्या कुठायत?"

"आहे ना, वाळूत आहे. तिच्या सोबतीलाच तर आणलेत."

"तिच्या? अहो, चांगल्या ढीगभर होत्या! एकमेकींना वेढे घालून पडलेल्या असायच्या. तुम्ही दाणे कधी टाकता?"

"सकाळी."

मेहुणीने टँकचा दिवा मालवला. बऱ्याच वेळाने दोन नाड्या बाहेर आल्या. सुतासारख्या झालेल्या, शेपटीचे पर कुरतडलेले. तेवढ्यात एक योयो धावून आला आणि त्या परत वाळूत घुसल्या. किल्लीवाल्यांनी बाह्या सरसावून अख्खी वाळू चाळली. बाकीच्या कुठेच नव्हत्या.

त्या दोघींना वेगळ्या भांड्यात ठेवलं, दिवे मालवून खायला घातलं. पण फार दिवसांची उपासमार होती ती. पहिली गेली, तिच्यामागोमाग दुसरीही.

"एकट्या नव्हत्याच गं त्या," किल्लीवाले मेहुणीला म्हणाले. "सोबत मलाच हवी होती."

"ते परत देऊन टाका आधी," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सकाळी ते जाळी आणि पिशवी घेऊन टँकपाशी आले. योयो नेहमीसारखे धावत आले. जाळी पाण्यात घातली तर तिलाच तोंड लावून खाऊ शोधायला लागले.

"मेल्यांनो," किल्लीवाले म्हणाले, "तिच्या नाड्या उपाशी मारल्यात तुम्ही." आणि लगेच जीभ चावली. मारल्या कुणी, ते त्यांना ठाऊक होतं. योयो काचेवर ढुशा देत राहिले. किल्लीवाल्यांच्या येण्याने आनंद होणारं त्या घरात दुसरं कुणीही नव्हतं.

त्यांनी जाळी बाजूला ठेवली. दाण्यांचा डबा उघडला. "घ्या, खा बाबांनो," म्हणाले, आणि तिथेच खाली बसून ओक्साबोक्शी रडले. ती गेली तेव्हाही ते इतके रडले नव्हते.