पाय काय म्हनतोय?

महिलांच्या कराटे वर्गाला पहिल्या दिवशी मी नॅपकिन, पाण्याची बाटली आणि मोजे अशी तयारी करून गेले. "मोजे काढा की ताई," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "पायाला जमीन कळू द्या."

त्या कुंभारीहून स्कूटीवर येतात. आल्या आल्या चपला काढून हॉलच्या सगळ्या शहाबादी फरशीवर चालून बघतात. खडा लागला की स्वतः झाडू घेतात. मग प्रत्येकीला विचारतात, "पाय काय म्हनतोय?" मी आपली दरवेळी "बरा आहे" म्हणायची.

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला हॉलवाल्यांनी कौतुकानं नव्या रबरी मॅट अंथरल्या. बाईंनी गिरकी घेऊन एक लाथ मारून पाहिली. अंग फिरलं, पण तळवा मॅटला चिकटून राहिला आणि कातडी सोलली. तशाच त्या बाहेरगावच्या परीक्षकांसमोर गेल्या.

"सर, मॅट काढते. बायकांचे गुडघे जातील."

"मॅटशिवाय परीक्षा होणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. आमी पुढच्या खेपेला बसू."

आमचे चेहरे पडले. इतके महिने घाम गाळला होता.

"न्हायतर सर, बूट काढून तुमीच एकदा फिरून दावा की."

सर फिरले आणि तोल सावरायला त्यांनी बाईंचाच खांदा धरला. मग त्यांनीच मॅटचं एक टोक उचललं.

माझा नंबर आला तेव्हा बाई लंगडत जवळ आल्या. "ताई, पाय काय म्हनतोय?"

"लई खूश हाय," मी म्हणाले आणि फरशीवर गिरकी घेतली.