रफूवालीचं खातं

लॉन्ड्रीत तिला सगळे रफूवाली म्हणत. नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपटालाच ठाऊक. लोकरीच्या कोटाला कसर लागलेली असो की सिगारेटच्या ठिणगीने भोक पडलेलं, गिऱ्हाईक तोंड पाडून म्हणायचं, "आता हा टाकूनच द्यावा लागणार," आणि मालकीणबाई आतल्या खोलीकडे मान वळवून हाक मारायच्या, "रफूवाली, बघ गं जरा." ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायची आणि भोक असं भरायची, की चार दिवसांनी गिऱ्हाईकच कापडावर बोट फिरवत विचारायचं, "नक्की कुठे होतं हो ते?" इस्त्रीवाल्या मावशी वाफेच्या ढगातून म्हणायच्या, "हिच्या हातात दिला तर ही माझा संसारसुद्धा रफू करून देईल." सगळे हसायचे. तीही हसायची. तिचा स्वतःचा संसार ती चार तासांच्या बसप्रवासावर मागे टाकून आली होती, हे तिथे फक्त मालकीणबाईंना माहीत होतं.

नवरा एका मोठ्या गोदामात साठा तपासायचा. माणूस नाकासमोर चालणारा. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायच्या. हिशेबाला मात्र असा पक्का, की डब्यातली साखर बघून काल चहा किती वेळा झाला ते सांगेल. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने संगणकावर घरखर्चाचं एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात बँकेची खाती एकदा जोडली की कुठे किती खर्च झाला ते आपोआप येऊन पडायचं. दुकानाचं नाव, तारीख, रक्कम, सगळं. तिचं खातं जोडताना तिच्या मोबाईलवर सहा आकडे आले.

"वाच गं," तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

तिचे हात साबणाच्या पाण्यात होते. तिने कोपराने मोबाईल सरळ केला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? नवऱ्याने विचारलं, बायकोने सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी तो तिला पडद्यासमोर बसवायचा. हे कशाचे? इथे का घेतलंस, पलीकडे स्वस्त मिळतं ना? या दिवशी त्या रस्त्याला कशाला गेली होतीस? उत्तर पटलं नाही तर तो काही बोलायचा नाही, नुसता दारात उभा राहायचा, आणि त्याला उत्तर पटेपर्यंत तिला खोलीतून बाहेर जाता यायचं नाही. अशाच एका रविवारी ती त्याच्या बगलेखालून निसटायला गेली आणि त्याने दार लावलं. तिची करंगळी दारात चिरडली. डॉक्टरकडे त्यानेच नेलं, रिक्षात तिचा हात मांडीवर घेऊन. पुढच्या रविवारी तिने पडद्यावर पाहिलं, तर डॉक्टरची फी तिच्या खर्चात धरलेली होती आणि पुढे शेरा होता, 'निष्काळजीपणा'.

नवव्या वर्षी ती निघाली. तो गोदामात असताना एक पिशवी भरली आणि ताईकडे गेली. ताई सख्खी थोरली बहीण. तिने काहीही न विचारता गादी घातली. पण ती ताईच्या घरी होती तोवर तो रोज संध्याकाळी येऊन जिन्यात बसायचा, भावोजींशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. महिन्याभराने ताईनेच दूरच्या शहरातली ही लॉन्ड्री शोधून दिली. आई मात्र ती निघेपर्यंत म्हणत राहिली, "माणूस चौकशी करतो म्हणजे त्याला काळजी असते. माझ्या बाबतीत कुणी विचारलंसुद्धा नाही कधी."

नव्या शहरात तिने मोबाईलचा नंबर बदलला. कार्ड बदललं, पासवर्ड बदलला. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली घेतली. खोलीला खिडकी एकच, तीही टायरांच्या ढिगाकडे तोंड केलेली, पण दाराला कडी आतून होती. बँकेचं खातं तेवढं जुनंच राहिलं. बँक तीच, तिची शाखा या शहरातही होती, आणि खातं कुणी पाहत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. पासवर्ड बदलला म्हणजे कुलूप बदललं, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

दोन वर्षं बरी गेली. बरी म्हणजे अशी, की तिने सुईकामासाठी चांगला दिवा घेतला, दुखरी दाढ काढून टाकली, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकायचं ठरवलं. गुरुवारी दुपारी लॉन्ड्री बंद असे आणि पोहण्याचा तलाव त्या वेळी फक्त बायकांसाठी उघडा असे. ती उथळ भागात कठड्याला धरून पाय मारायची. सहा महिन्यांनी कठडा सुटला. ताईलासुद्धा तिने हे सांगितलं नव्हतं. लाज म्हणून नव्हे. एखादी गोष्ट आपल्यापुरती ठेवायची चव तिला पहिल्यांदाच कळली होती.

अशाच एका गुरुवारी ती ओले केस पिळत तलावाच्या फाटकातून बाहेर आली, तर समोरच्या बाकावर नवरा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कागदांची फाइल.

"पाण्याची भीती वाटायची ना तुला?" तो म्हणाला. "गेली वाटतं."

तिने मागे फाटकाकडे पाहिलं.

"तुम्ही इथे कसे?"

"बस जरा. मी काही करणार नाहीये. लोक आहेत आजूबाजूला." त्याने फाइल उघडली. आत छापलेले कागद होते, महिन्यावार लावलेले, प्रत्येक महिन्याला वेगळी रंगीत चिठ्ठी. "दाढ काढलीस मागच्या मार्चमध्ये. उजवी का डावी?"

"वकिलाकडे दोनदा गेलीस. तिसऱ्यांदा नाही गेलीस. पैसे संपले की धीर?" पान उलटलं. "झोपेच्या गोळ्या घेतेस. मागच्या हिवाळ्यापासून. त्या बऱ्या नाहीत गं. आणि हे बघ, मंगळवारी दोन पाव घेतलेस. एकटीला दोन कशाला लागतात?"

तो मंगळवार तिला आठवला. इस्त्रीवाल्या मावशींना ताप होता, एक पाव त्यांच्यासाठी नेला होता. तिच्या तोंडून उत्तर बाहेर पडायला लागलंही होतं, "मावशींना..." मग तिने ओठ घट्ट मिटले. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"म्हणजे? मधे कधी बंद झालंच नव्हतं," तो सरळपणे म्हणाला. "तू गेलीस त्या दिवसाचं बसचं तिकीटही आहे यात. मी म्हटलं, जाऊ दे, राहील थोडे दिवस, येईल. मी मुद्दाम आलो नाही. तुला मोकळीक दिली."

ज्या दोन वर्षांना ती स्वतःची म्हणत होती, ती त्याने दिलेली होती. त्याने मारलं असतं, ओढत नेलं असतं, तरी तिचं एवढं काही गेलं नसतं. तो शांतपणे उठला, फाइल काखेत मारली आणि म्हणाला, "जपून राहा. पोहताना कान पुसत जा." आणि खरंच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने संगणकात बराच वेळ शोधलं, वरिष्ठांना विचारून आली.

"मॅडम, पासवर्डचा संबंधच नाही. तुम्ही या सॉफ्टवेअरला खातं बघायची परवानगी दिलेली आहे. ती वेगळी असते. आपोआप चालू राहते."

"मी कधी दिली?"

मुलीने तारीख वाचली. नऊ-दहा वर्षांपूर्वीची. "तुमच्या मोबाईलवर आकडे आले असतील, ते तुम्ही सांगितले असणार. त्यालाच संमती धरतात."

"ती बंद करा."

"आत्ता करते." तिने दोन बटणं दाबली आणि झालं. दोन बटणं. रफूवाली काउंटरला धरून उभी राहिली. "पण मॅडम, आधी जे गेलंय ते त्यांच्याकडे राहणार. ते आमच्या हातात नाही. तुम्हाला त्या कंपनीशी बोलावं लागेल."

कंपनीचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. पलीकडचा माणूस जिभेवर साखर ठेवून बोलत होता. माहिती पुसता येईल, अवश्य येईल. फक्त त्यासाठी ज्यांच्या नावावर सॉफ्टवेअरचं खातं आहे त्यांनी अर्ज करायला हवा.

"ते माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे."

"मग त्यांना सांगा ना."

"अहो, त्यांच्यापासूनच लपवायचंय."

तो म्हणाला, "दुसऱ्याच्या खात्याबद्दल तुमच्याशी बोलणं आमच्या गोपनीयतेच्या नियमात बसत नाही." आणि आणखी काही मदत करू का, असंही त्याने विचारलं.

पोलीस चौकीतला हवालदार वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "त्यांनी हात लावला? धमकी दिली?" नाही. "काय म्हणाले मग?" कान पुसत जा म्हणाले. हवालदाराने लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

तिने बँक बदलली. पण नवऱ्याला आता बँकेची गरज उरली नव्हती. लॉन्ड्रीचं नाव पगाराच्या नोंदीत होतंच. तो दर पंधरा दिवसांनी काउंटरवर फोन करायचा, अतिशय अदबीने. "तिला सांगा, तब्येतीला जपायला सांगितलंय." एकदा स्वतःचा कोट घेऊन आला. कोपराला भोक होतं, ब्लेडने कापल्यासारखं सरळ. मालकीणबाईंनी तो कोट आत पाठवला नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"तू गुणी आहेस गं. तुझ्यासारखा हात मला परत मिळायचा नाही. पण माझं गिऱ्हाइकांचं दुकान आहे. इथे उद्या काही तमाशा झाला तर?"

"कळलं," ती म्हणाली. मालकीणबाई रडल्या. ती रडली नाही. तिने सुया मोजून डबीत भरल्या आणि महिनाअखेरीस निघाली.

आता ती तिसऱ्याच शहरात आहे. एका हॉटेलच्या तळघरात चादरी-उश्यांच्या अभ्र्यांचं काम करते. मुकादम तिचा पगार रोख देतो आणि रोख देतो म्हणून चौथा हिस्सा स्वतः कापून घेतो. ती तक्रार करत नाही, कारण कागदावर ती तिथे नाहीच. चादरींना रफू लागत नाही. फाटलं की ठिगळ, नाही तर पोतेरं. तिच्याकडे कार्ड नाही. औषध घेते ते लांबच्या दुकानातून, आणि पावती तिथेच फाडते. तिचे खर्च आता कुणी पाहत नाही, हे तिला कळतं. तरी पाव घेताना तिचा हात थांबतो. एक की दोन, आणि विचारलं तर सांगायचं काय? उत्तर तयार झाल्याशिवाय तिला पैसे पुढे करता येत नाहीत. दुकानदार म्हणतो, "बाई, लवकर करा."

मधे आई आजारी पडली. ताईने फोनवर सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, थोडे पैसे लागतील.

"आईच्या खात्यात पाठवते," ती म्हणाली.

ताई जराशी घुटमळली. "तिकडे नको पाठवूस. आईचं खातं तेच बघतात."

"कोण ते?"

"कोण म्हणजे? जावई. आईला जमत नाही ना बँकेचं. त्यांनी आपल्या त्या संगणकात जोडून दिलंय सगळं. विजेचं बिल, औषधं, सगळं वेळेवर भरतात. आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटते, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

तिने चार महिने साठवलेले पैसे पाकिटात घालून मधल्या एका बसस्थानकावर ताईच्या हाती दिले. आईला भेटायला गेली नाही. ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून फोन केला.

आईचा आवाज खोल गेला होता. दुखतंय, पण चालता येतं, म्हणाली. मग म्हणाली, "जावई आत्ताच येऊन गेले. फळं आणली होती. तुझं विचारत होते."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, मला काहीच ठाऊक नाही. आणि खरंच ठाऊक नाही गं मला. पोटच्या पोरीचा पत्ता नाही माझ्याकडे." मग आईनेच विचारलं, "कुठे असतेस तू? आईलासुद्धा सांगायचं नाही?"

तळघरात धुलाईचं यंत्र फिरायला लागलं होतं. तिने फोनला तळहाताचा आडोसा धरला, म्हणजे तो आवाज पलीकडे जाऊ नये.

"बरी आहे मी, आई," ती म्हणाली.

"बरी आहेस ते कळलं. पण कुठे?"

तिने फोन ठेवला.