नदीला दिलेलं लुगडं

आमच्या ह्यांना शिडाच्या होडीचं वेड. लढाईत फौजेतनं इराकात बसऱ्याला गेले आणि येताना हे खूळ घेऊन आले. सांगलीजवळ नदीकाठी आमची मळी, गाळाची जमीन. ऊस बघायचा सोडून हे वारा बघत बसायचे. माझं माहेर मेढ्याकडं डोंगरात, गुडघाभर ओढ्यापलीकडं पाणी ठाऊक नाही. पण तेव्हा निदान हे एकटेच जायचे, म्हणून मी काठावर देवाचं नाव घेत गप्प राहायची.

लढाई संपली आणि ह्यांनी फौजेच्या भंगारातलं एक इंजिन आणून दुसऱ्या, थोरल्या होडीला बसवलं. म्हणे, "शिडावर मी एकटाच मजा मारतोय. आता समद्यास्नी फिरवतो!" झालं! दोन्ही पोरं अजून लहान, पोहायला कुणालाच येत नाही, मला तर नाहीच नाही. पण एवढ्या हौसेनं केलेलं, नको कसं म्हणायचं?

दसरा झाला होता, नदीला अजून ओढ होती. होडीत आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. मधल्या धारेत गेल्यावर सासूबाईंनी पदराखालनं हिरवं लुगडं, खण, नारळ काढला. "नदीमायीची वटी भरल्याबिगर म्होरं जायाचं न्हाई."

ह्यांनी इंजिन हळू केलं, बंद केलं नाही. बंद पडलं की लवकर चालू होत नसे ना! सासूबाईंनी हात जोडून लुगडं सोडलं ते मागच्या अंगाला. इंजिन एकदम किंचाळलं आणि थांबलं. लुगडं पाण्यातल्या पंख्याला गच्च गुंडाळलं होतं.

होडी आडवी झाली, वाहायला लागली. धारेच्या खालच्या अंगाला खडकांवर पाणी फेसाळत होतं, त्याचा आवाज कानात शिरला. ह्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि माझा धीरच सुटला. शिडाच्या होडीत सदा हसणारा माणूस पांढराफटक पडला होता! पोरांना मी इतकं आवळलं की धाकटी रडायला लागली.

ह्यांनी चाकू काढला. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "आरं, मायीला दिलेलं लुगडं फाडू नगंस!"

जन्मात त्यांच्यापुढं माझा आवाज चढला नव्हता. पण त्या दिवशी ओरडले, "आत्याबाई, हात सोडा! मायीला दुसरं लुगडं घेऊ. माझी पोरं कुठनं आणू?"

त्यांनी हात सोडला. ह्यांनी लुगडं टराटरा फाडलं, पण इंजिन काही चालू होईना. मग वल्हं घेऊन जीव खाऊन मारत राहिले. खडकांच्या अलीकडं होडी एकदाची चिखलात रुतली. पोरांना काठावर टाकलं आणि मी पदरानं त्यांचे पाय पुसायला लागले.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"वराडलीस ते बरं केलंस, पोरी," त्या म्हणाल्या. "मलाबी सकाळधरनं लय भ्या वाटत हुतं. पोराला नगं म्हणायला जीभ रेटंना, म्हणून मायीला सांगत हुते."

हे ऐकत होते. "आवं, दोघींपैकी एकीनं तरी सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?" मी विचारलं.

हे उठले आणि इंजिन होडीवरनं काढायचं म्हणून त्याचे स्क्रू सोडायला लागले.