फळ्यावरची विहीर

विहिरीबद्दल मी फळ्यावर अर्धंच लिहिलं, आणि उरलेलं अर्धं मला चांगलं माहीत होतं. चूक माझी, हे आधीच सांगून टाकतो.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. दुकानाबाहेरच्या फळ्यावर सकाळी कापसाचा न् तुरीचा भाव लिहायचा, ही वडिलांपासूनची रीत. खाली थोडी जागा उरायची, म्हणून काही वर्षांपूर्वी मी तिथे रोज काहीतरी लिहू लागलो. कधी ‘दमणी’सारखा शब्द, म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी, जी आता गावात कोणाकडेच नाही. कधी बाजाराला आलेल्या एखाद्या कोलाम आदिवासी बाईला विचारून घेतलेलं झाडाचं नाव. कधी गावचा जुना रस्ता कुठून जायचा ते. लिहायचं म्हणून विचारावं लागायचं, आणि विचारलं की रोज थोडं नवं कळायचं. मला त्याची चटकच लागली.

पहिला वाचक ठरलेला. शाळेपासूनचा माझा मित्र, एसटीत कंडक्टर, राहायला बौद्ध वस्तीत. ड्युटीवर जाताना तो दुकानाशी सायकल टेकवायचा.

“काय बे, आज काय शिजवलं?” म्हणायचा आणि मोठ्यानं वाचायचा. पटलं नाही तर, “पुसून टाक लेका. माही माय हासन हे ऐकून.”

एका सकाळी मी लिहिलं : ‘शाळेजवळची विहीर आमच्या आजोबांनी बांधली. तिचं पाणी गावातल्या प्रत्येक घराला मिळालं.’ त्या दिवशी अक्षरही जरा जास्तच वळणदार काढलं होतं. मित्र आला. मनातल्या मनात वाचलं, सायकल उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या गल्लीनं स्टँडवर जाऊ लागला.

मी स्वतःला म्हणत राहिलो, की कामाच्या गडबडीत असेल. पण का ते मला ठाऊक होतं.

त्या विहिरीपासून थोडं दूर एक चपटा दगड होता. वस्तीतल्या बायका त्यावर घागरी मांडून उभ्या राहायच्या. विहिरीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. आमच्या घरचं कोणी येऊन पाणी शेंदायचं आणि वरून, शिवाशिव न होता, त्यांच्या घागरीत ओतायचं. वस्तीत हातपंप बसेपर्यंत हे चाललं. माझ्या लहानपणी मीही ओतायला जायचो. आमचा सालदार गडी बादली शेंदून द्यायचा, मी ओतायचो, आणि ओतता ओतता मुद्दाम धार इकडेतिकडे हलवायचो. धारेखाली घागर धरायला बाई पुढे-मागे सरकायची, पातळ भिजायचं, आणि मला हसू यायचं. त्या बायकांत एक माझ्या मित्राची आई होती. “नीट ओत ना बापू,” एवढंच ती म्हणायची.

बाजाराच्या दिवशी तो मला भाजीच्या दुकानाशी भेटला. हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी होती, तिचीच पानं निवडत उभा राहिला.

“काहून येत नाहीस?” मी विचारलं.

“तुले नाही माहीत?”

मी होकाराची मान हलवली.

“पाणी मिळालं, हे तं खरंच लिवलं तू,” तो म्हणाला. “कसं मिळालं ते राहून गेलं.” मग जरा थांबून, “मी रोज संध्याकाळी मायले तुहा फळा सांगतो, हे माहीत हाय तुले? तिले वाचता येत नाही. जेवाच्या आधी इचारते, आज काय लिवलं भाववाल्यानं? त्या दिवशी काय सांगू? म्हनलं, फळा कोराच होता. आता रोज कोराच हाय म्हून सांगून राह्यलो.”

मला त्याच्याकडे बघवेना. “उद्याच सगळं खरं लिहितो,” मी म्हणालो. “खाली माफीही मागतो.”

“लिही. पण माफी फळ्यावर नको मांगू. लोकं वाचतीन न् तुलेच चांगला म्हणतीन. मायजवळ ये.”

सकाळी मी भावाखाली दगडाचं लिहिलं, वरून ओतलेल्या पाण्याचं लिहिलं. ओतणाऱ्यांत मी होतो, हेही. भाव बघायला आलेल्या एका दूरच्या काकांनी तोंड वाकडं केलं, “कायले जुनं उकरतं?” मी पुसलं नाही. संध्याकाळी वस्तीत गेलो.

म्हातारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नजर अधू झालीय. मी हाक मारली, तशी आवाजावरून ओळखलं तिनं.

“भाववाला व्हय? ये बापू, बस. तुह्या फळ्याले काय झालं? हा म्हंते रोज कोराच असते.”

मित्र दारात उभा होता.

“कोरा नव्हता माय,” मी म्हणालो, आणि दोन्ही दिवसांचं तिला सांगितलं. आधी काय लिहिलं, आज काय लिहिलं. ती शेंगा सोलत राहिली. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे.

“धार हलवे तू,” ती म्हणाली.

“हो.”

“मले वाटे, पोरगं हाय, हात कापत असन भारानं.”

घरून मी शब्द जुळवून आलो होतो, फळ्यावर लिहितो तसे. ते तसेच राहिले.

“हात नव्हता कापत, माय,” मी म्हणालो. “ओताले घरच्यांनी सांगतलं होतं. धार हलवाले कोणीच सांगतलं नव्हतं. ते माहं होतं. मले माफ कर.”